एक घर, दोन घरपट्ट्या

दोन वर्षांपूर्वींची गोष्ट. मार्च महिन्याच्या अखेरीस आमच्या गांवच्या घरीं एकाच दिवशीं दोन कागद येऊन पडले. एक पुढल्या दारानें आला, दुसरा मागल्या दारानें. पुढल्या दारानें आला तो नगरपरिषदेच्या घरपट्टीचा. मागल्या दारानें आला तो शेजारच्या ग्रामपंचायतीच्या घरपट्टीचा. दोहोंवर नांव एकच, घर एकच, आणि विशेष हें कीं, घराचें क्षेत्रफळहि एकच. ते कागद पाहून एखाद्या परक्या मनुष्यास वाटलें असतें कीं, ह्या गृहस्थाचीं अगदीं सारख्या मापाचीं दोन घरें दोन गांवीं आहेत. वस्तुतः घर एकच आणि तेंहि शंभर वर्षांचें जुनें.

ह्या घोटाळ्याचें मूळ आमच्या वाड्याच्या बांधणींत आहे. पुढली ओटी, पडवी, देवघर आणि माजघर हा भाग पणजोबांनीं गांवठाणांत बांधला. पुढें आजोबांच्या वेळीं कुटुंब वाढलें, तेव्हां त्यांनीं मागल्या बाजूची जमीन विकत घेऊन तीवर स्वयंपाकघर, कोठीची खोली, न्हाणीघर आणि दोन खोल्या चढविल्या. ही मागली जमीन शेजारच्या गांवच्या शिवारांत मोडते. दोन्ही गांवांची शीव माजघर व स्वयंपाकघर ह्यांमधल्या उंबरठ्याखालून जाते, असें आम्ही लहानपणापासून ऐकत आलों. जेवणाची हांक आली म्हणजे आम्ही मुलें ‘चला, परगांवीं जेवावयास’ असें म्हणत उंबरठ्यावरून उड्या मारीत असूं. शीव म्हणजे आमच्या लेखीं खेळण्याची वस्तु होती.

इतकीं वर्षें नगरपरिषद सबंध घराची पट्टी घेई आणि ग्रामपंचायत कांहींच मागत नसे. परंतु ग्रामपंचायतीनें नवी आकारणी केली, तेव्हां आमचें मागलें दार तिच्या रस्त्यावर उघडतें हें कोणाच्या तरी लक्षांत आलें, आणि सबंध घर तिच्या नमुना ८ मध्यें जाऊन बसलें. नगरपरिषदेच्या दप्तरांत तें पूर्वींच होतें. दोन्ही कचेऱ्यांतील माणसें आपापल्या परीनें बरोबरच वागत होतीं. चूक एवढीच कीं, दुसरीकडे काय लिहिलें आहे हें कोणीं पाहिलें नव्हतें.

पाडव्यास पुण्याहून नानाकाका आले. दोन्ही कागद त्यांनीं चष्मा लावून वाचले आणि माझ्या वडिलांस म्हणाले, “अण्णा, मी कित्येक वर्षें जें बोलूं बोलूं म्हणत होतों, तें सरकारनेंच बोलून टाकलें. रेघ आंखलेलीच आहे. पुढलें घर तुम्हीं घ्यावें, मागलें आम्हीं घ्यावें. ज्याच्या भागाची पट्टी त्यानें भरावी. भांडण नको, वकील नको.”

अण्णा कांहीं बोलले नाहींत. माजघरांत आजी पडली होती. तिला ऐकूं कमी येतें असें आम्ही समजतों. परंतु जें ऐकूं येऊं नये तें तिला नेमकें ऐकूं येतें. ती आंतूनच म्हणाली, “म्हणजे माझें अंथरूण अण्णाकडे आणि चूल नानाकडे. मीं निजायचें ह्या गांवांत आणि जेवायला जायचें त्या गांवांत. बरें आहे.”

त्यावर कोणासहि उत्तर सुचलें नाहीं. सण होता, म्हणून विषय तेथेंच राहिला. परंतु आजीच्या त्या वाक्यानें माझ्या मनास एक चाळा लागला. हद्दीवर बसलेलें घर कोणत्या बाजूचें मानावयाचें? दारावरून, अंथरुणावरून कीं चुलीवरून? आमच्यासारखी अडचण जगांत दुसऱ्या कोणास पडली असेलच. त्यांनीं तिचा उलगडा कसा केला? ह्या शोधांत जें हातीं लागलें तें वाचकांपुढें ठेवतों.

दाराचा न्याय

युरोपांत नेदर्लंड्स व बेल्जियम ह्या देशांच्या सरहद्दीजवळ बार्ले नांवाचें एक गांव आहे. खरें पाहतां तीं दोन गांवें आहेत: बार्ले-हेर्टोग हें बेल्जियमचें आणि बार्ले-नासाऊ हें नेदर्लंड्सचें. परंतु तीं शेजारीं शेजारीं नसून एकमेकांत कालविलेलीं आहेत. नेदर्लंड्सच्या भूमीनें चहूंकडून वेढलेले बेल्जियमचे २२ तुकडे तेथें आहेत. आणि त्यांतल्या दोन मोठ्या तुकड्यांच्या पोटांत पुन्हां नेदर्लंड्सचे ७ लहान तुकडे आहेत. रस्त्याच्या एका बाजूनें चार पावलें चालावें तर दोनदां देश बदलतो. फरसबंदीवर पांढऱ्या फुल्या मारून हद्द दाखविली आहे. ती रस्त्यांतून, अंगणांतून आणि कित्येक ठिकाणीं घरांतूनहि जाते.

ही गुंतागुंत आजची नव्हे. इ. स. ११९८ मध्यें ब्राबांतचा ड्यूक पहिला हेन्री ह्यानें ब्रेडाच्या सरदारास येथील कांहीं जमीन दिली. मात्र ज्या जमिनी आपले कूळ कसून सारा देत होते त्या त्यानें आपल्याकडे राखल्या. थोडक्यांत, उत्पन्नाच्या जमिनी ड्यूकाच्या आणि उरलेल्या सरदाराच्या. आपल्याकडील इनामी व खालसा जमिनींचें मिश्रण ज्यांस ठाऊक आहे त्यांस हें समजावयास कठीण नाहीं. पुढें सरदाराचा वारसा नासाऊ घराण्याकडे गेला. ‘हेर्टोग’ म्हणजे ड्यूक. गांवांच्या नांवांत ते दोन जुने धनी अद्यापि नांदत आहेत. बेल्जियम वेगळा झाल्यावर १८४३ मध्यें दोन्ही राष्ट्रांनीं सरहद्द आंखावयास घेतली, तेव्हां बार्लेपाशीं येऊन आंखणारांचा हात थबकला. सरळ रेघ ओढणें अशक्य झाल्यामुळें एकेक शेत व एकेक घर घेऊन तें कोणत्या देशाचें ह्याची यादीच करावी लागली. त्या यादींतील दोन शेतांविषयींचा वाद तर हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयापर्यंत गेला आणि १९५९ मध्यें १० विरुद्ध ४ अशा मतांनीं तीं शेतें बेल्जियमचीं ठरलीं. हद्दीचें आंखणीकाम पुरें होण्यास १९९५ साल उजाडलें.

मग ज्या घरांच्या मधूनच रेघ जाते त्यांची व्यवस्था काय? तेथील लोकांनीं सोपी तोड काढली. घराचें पुढलें दार ज्या देशांत उघडतें, त्या देशाचें तें घर. रहिवासाची नोंद तेथें, कर तेथें, घराचा क्रमांकहि तेथला. क्रमांकाच्या पाटीवर त्या त्या देशाच्या निशाणाचे रंग असतात, त्यामुळें टपालवाल्याचा घोटाळा होत नाहीं. एका घराच्या तर दाराच्या मधोमधच रेघ आली आहे. त्या एका दारास दोन क्रमांक आहेत, एकीकडे एका देशाचा आणि दुसरीकडे दुसऱ्याचा.

दाराचा हा न्याय डोळ्यांस दिसतो, भांडणास जागा ठेवीत नाहीं, हा त्याचा मोठा गुण. परंतु दार हलवितां येतें, हाच त्याचा दोषहि आहे. १९९५ च्या आंखणीनंतर आपलें घर परदेशांत गेलें असें एका वृद्ध स्त्रीस आढळलें, तेव्हां तिनें देश सोडला नाहीं, दार हलविलें. खिडकीच्या जागीं दार केलें, दाराच्या जागीं खिडकी केली, आणि आपल्या जुन्या देशांत सुखानें राहिली, असें तेथें सांगतात. पूर्वीं नेदर्लंड्सचा कायदा खाणावळी लवकर बंद करावयास लावी. तेव्हां वेळ झाली म्हणजे कांहीं खाणावळींतील गिऱ्हाइकें टेबलें उचलून त्याच छपराखालीं बेल्जियमच्या बाजूस जाऊन बसत. २०२० च्या साथींत ह्याच्या उलट झालें. बेल्जियममध्यें दुकानें बंद आणि नेदर्लंड्समध्यें उघडीं. तेव्हां हद्दीवर बसलेल्या एका कपड्यांच्या दुकानांत मधोमध फीत लावून अर्धें दुकान बंद व अर्धें उघडें ठेवावें लागलें.

हद्दीवर घर येणें हें सर्वांच्याच नशिबीं संकट म्हणून येतें असें मात्र नाहीं. फ्रान्स व स्वित्झर्लंड ह्यांच्यामध्यें ला क्यूर नांवाचें खेडें आहे. १८६२ च्या डिसेंबरांत दोन्ही देशांत हद्द बदलण्याचा तह झाला आणि हद्दीवर आधींपासून असलेल्या इमारतींस धक्का लावूं नये असें त्यांत ठरलें. तह मंजूर होण्यास अवकाश होता. एका हुशार मनुष्यानें तेवढ्यांत नव्या हद्दीवर घाईघाईनें घर उभें केलें. त्याचें दुकान स्वित्झर्लंडांत आणि दारूचा गुत्ता फ्रान्समध्यें. चोरट्या व्यापारास ह्याहून सोयीची जागा कोणती? १९२१ पासून तेथें होटेल आहे. दुसऱ्या महायुद्धांत जर्मन शिपाई त्या घराच्या फ्रेंच भागांत येत. परंतु वरच्या मजल्याचा जिना फ्रान्समध्यें सुरू होऊन स्वित्झर्लंडांत संपतो, म्हणून वर चढण्याची त्यांस मनाई होती. जिन्याची एक पायरी एवढ्या मोठ्या फौजेस अडवूं शकते, ती तटस्थ देशाची असली म्हणजे!

शेजेचा न्याय

इंग्लंडांत दाराऐवजीं अंथरुणाचा विचार झाला. सर एडवर्ड कोक हे तेथील मोठे कायदेपंडित १६३४ मध्यें वारले. त्यांच्या ‘इन्स्टिट्यूट्स’ ह्या ग्रंथाचा दुसरा भाग १६४२ मध्यें निघाला. त्या काळीं इंग्लंडांत प्रत्येक मनुष्यास आपापल्या वस्तीच्या स्थानिक न्यायसभेस हजर राहावें लागे. ज्याचें घर दोन सभांच्या हद्दीवर आहे त्यानें कोठें जावें? कोकसाहेबांनीं सांगितलें कीं, त्याचें अंथरूण जेथें आहे तेथें. दिवसा मनुष्य दहा ठिकाणीं वावरतो, परंतु रात्रीं तो जेथें पाठ टेकतो तेथेंच त्याचा खरा वास, असा ह्या म्हणण्याचा अर्थ.

हेंच तत्त्व पुढें समुद्रापलीकडे अमेरिकेंत उपयोगास आलें. मॅसॅच्युसेट्स संस्थानांत ॲबिंग्टन व नॉर्थ ब्रिजवॉटर ह्या दोन गांवांची हद्द एका घरांतून जात होती, आणि त्या घराशीं संबंध असलेल्या एका निराधार मनुष्याच्या पोषणाचा खर्च कोणत्या गांवानें सोसावयाचा असा तंटा लागला. १८३९ मध्यें तेथील मुख्य न्यायाधीश लेम्युएल शॉ ह्यांनीं कोकच्या ह्याच वचनाचा आधार घेतला, आणि घर दोहोंकडे विभागलें असतां मनुष्य निजतो कोठें ह्या गोष्टीस मोठें महत्त्व दिलें.

येथें एक गंमत ध्यानांत घेण्यासारखी आहे. कर घ्यावयाचा असला म्हणजे दोन्ही गांवें पुढें होतात. पोसावयाचें असलें म्हणजे दोन्ही मागें सरतात. आमच्या घराचा अनुभव ह्याहून निराळा नाहीं. मागल्या गल्लींतील दिवा महिनाभर बंद होता तेव्हां ग्रामपंचायत म्हणे, तुम्ही नगरपरिषदेचे. नगरपरिषद म्हणे, ती गल्ली पंचायतीची. घरपट्टीच्या दिवशीं मात्र आम्ही दोघींचेहि लाडके.

आपल्याकडेहि कायद्यानें अंथरुणाचा विचार थोडाफार केला आहे. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५० ह्याप्रमाणें कोणाचेंहि नांव एकाहून अधिक मतदारसंघांत नोंदतां येत नाहीं. आणि एखाद्या ठिकाणीं केवळ घर मालकीचें आहे एवढ्यावरून मनुष्य तेथला रहिवासी ठरत नाहीं, असेंहि त्यांत स्पष्ट म्हटलें आहे. पट्ट्या दोन भराव्या लागल्या तरी मत एकच. कर मालकीवर बसतो, मत वास्तव्यावर मिळतें. हा भेद पुष्कळांस ठाऊक नसतो.

चुलीचा न्याय

आतां आपल्या घरचें उदाहरण. चंद्रपूर जिल्ह्यांत जिवती तालुक्याच्या टोंकास १४ गांवें अशीं आहेत कीं, त्यांवर महाराष्ट्र व तेलंगण हीं दोन्ही राज्यें हक्क सांगत आलीं. त्यांतील महाराजगुडा येथें दोन राज्यांची हद्द एका घरांतूनच जाते. बैठकीची बाजू महाराष्ट्रांत आणि स्वयंपाकघर तेलंगणांत, असें वर्णन २०२२ च्या डिसेंबरांत वृत्तपत्रांतून आलें होतें. तें घर एकत्र कुटुंबाचें असून तीं माणसें दोन्हीकडील ग्रामपंचायतींस कर भरीत, आणि दोन्ही राज्यांच्या योजनांचा लाभहि घेत. आपल्यास ह्याचा कांहीं त्रास नाहीं, असेंच त्यांनीं भेटावयास आलेल्या वार्ताहरांस सांगितलें. आमच्यापेक्षां त्यांचें मन मोठें, असें मला तें वाचून वाटलें. आमच्याकडे दोन गांवांची हद्द आली तर वाटणीची भाषा निघाली; त्यांच्याकडे दोन राज्यांची हद्द आली तरी चूल एकच राहिली.

चूल हा शब्द मीं मुद्दाम वापरला. कुटुंब विभक्त झालें हें सांगावयाचें असलें म्हणजे आपण ‘त्यांनीं वेगळी चूल मांडली’ असें म्हणतों. दार वेगळें केलें किंवा अंथरूण वेगळें केलें असें म्हणत नाहीं. हिंदु धर्मशास्त्राच्या परंपरेंतहि एकत्र कुटुंबाचीं लक्षणें तीन सांगितलीं जातात: अन्न एक, उपासना एक आणि मिळकत एक. परंतु येथेंहि कायदा आपल्या समजुतीहून अधिक सूक्ष्म आहे. केवळ स्वयंपाक वेगळा झाला एवढ्यावरून वाटणी झाली असें न्यायालयें मानीत नाहींत. नोकरीमुळें, जागेच्या अडचणीमुळें, सुनांच्या सोयीसाठीं चुली दोन होऊं शकतात आणि कुटुंब तरीहि एकत्र राहूं शकतें. विभक्त होण्याचा स्पष्ट निश्चय बोलून दाखविला पाहिजे. म्हणजे चूलहि अखेरचें प्रमाण नव्हे. माणसाचें मन हेंच प्रमाण.

मोजणी

इतकें वाचून झाल्यावर मी आमच्या प्रश्नाकडे वळलों. ग्रामपंचायतीस घरावर कर बसविण्याचा अधिकार १९५८ च्या महाराष्ट्र ग्रामपंचायत कायद्याच्या १२४ व्या कलमानें आहे, आणि नगरपरिषदेस १९६५ च्या कायद्यानें आहे. परंतु दोघींचाहि अधिकार आपापल्या हद्दीपुरता. हद्दीबाहेरच्या भिंतीवर किंवा कौलांवर कोणासहि कर घेतां येत नाहीं. म्हणून आम्हांस माफी मागावयाची नव्हती कीं सवलत मागावयाची नव्हती. घराचा कोणता भाग कोणाकडे आहे एवढेंच सिद्ध करावयाचें होतें.

त्याकरितां भूमी अभिलेख कचेरींत मोजणीचा अर्ज केला. पुढल्या भागाची मिळकत पत्रिका आणि मागल्या जमिनीचा सात-बारा जोडला. तोंवर दोन्ही पट्ट्या लेखी हरकत नोंदवून भरून टाकल्या. कारण तंटा चालू आहे म्हणून थकबाकी थांबत नाहीं आणि तीवरील आकारहि थांबत नाहीं. तीन महिन्यांनीं भूकरमापक आला. त्या दिवशीं नानाकाकाहि मुद्दाम पुण्याहून आले होते. सकाळपासून मोजणी चालली. आजीनें त्या तरुणास दोनदां चहा पाठविला आणि विचारलें, “बाळा, आमची रेघ नीट काढ हो. शंभर वर्षें कोणीं पाहिली नाहीं ती.”

दुपारीं त्यानें खुणा केल्या आणि आम्ही सर्व चकित झालों. शीव उंबरठ्याखालून जातच नव्हती. तीन पिढ्या आम्ही जिच्यावरून उड्या मारल्या ती शीव नव्हतीच. खरी रेघ उंबरठ्यापासून सात-आठ हात आंत, स्वयंपाकघराच्या मधोमध, थेट ओट्यावरून जात होती. ज्या ओट्यावर पूर्वीं चूल होती आणि आतां गॅसची शेगडी आहे, त्याचा अर्धा भाग नगरपरिषदेंत आणि अर्धा पंचायतींत. देवघर, माजघर आणि अर्धें स्वयंपाकघर इकडे. उरलेलें स्वयंपाकघर, कोठी, न्हाणीघर आणि खोल्या तिकडे.

नानाकाका बराच वेळ त्या खुणेकडे पाहात उभे राहिले. ह्याच ओट्यापाशीं बसून दोघां भावांनीं लहानपणीं तव्यावरची भाकरी वाटून खाल्ली होती. रेघेप्रमाणें वाटणी करावयाची तर भिंत शेगडीच्या मधून घालावी लागणार होती. ते हळूच म्हणाले, “अण्णा, आतां काय करावयाचें?”

अण्णा म्हणाले, “करावयाचें काय? नकाशाची ‘क’ प्रत आली म्हणजे दोन्हीकडे देऊं. ज्याचा जेवढा भाग, त्याची तेवढी पट्टी. घराचें म्हणशील तर आज तुमच्या वहिनीनें पुरण घातलें आहे. हातपाय धुऊन घ्या.”

त्यापुढें वाटणीचा शब्द निघाला नाहीं. काकूंनीं मात्र संध्याकाळीं माझ्या आईस सांगितलें कीं, त्यांस घराचा तुकडा नको होता. म्हातारपणीं गांवीं यावें लागलें तर आपली म्हणून एक खोली असेल कीं नाहीं, एवढीच त्यांची धास्ती होती. ती गोष्ट कित्येक वर्षें कोणीं बोलली नव्हती. दोन पट्ट्यांच्या निमित्तानें ती बाहेर आली हें एका अर्थीं बरेंच झालें. मागली उजेडाची खोली त्याच आठवड्यांत त्यांच्या नांवें झाडून ठेवली.

नकाशा हातीं आल्यावर दोन्ही कचेऱ्यांत अर्ज दिले. नगरपरिषदेनें हरकतींच्या सुनावणींत तो पाहिला व मागल्या भागाचें क्षेत्र कमी केलें. पंचायतीनें आपल्या नोंदींतून पुढला भाग काढला. ह्यास एकंदर दहा महिने लागले. दोहोंची बेरीज पूर्वींच्या एका पट्टीएवढीच आली असें मात्र नाहीं. पंचायतींची आकारणी २०१५ च्या अखेरीस बदललेल्या नियमांप्रमाणें भांडवली मूल्यावर होते आणि आमची नगरपरिषद वार्षिक भाडेमूल्य धरते. त्यामुळें तराजू दोन, वजनें दोन. थोडें अधिक पडतें. परंतु एकाच भिंतीचा दोनदां कर देणें थांबलें.

वाचकांपैकीं ज्यांचीं घरें शहराच्या कडेला आहेत, त्यांच्यावर हा प्रसंग आज नाहीं तर उद्यां येऊं शकेल. कारण शहरांच्या हद्दी वाढत आहेत. पुण्याचेंच पाहिलें तर २०१७ मध्यें ११ आणि २०२१ मध्यें २३ गांवें महापालिकेंत आलीं. म्हणून अनुभवाच्या चार गोष्टी सांगतों. घर किंवा जागा घेण्यापूर्वीं ती कोणत्या गांवच्या कोणत्या गटांत आहे हें कागदावर व जमिनीवर, दोन्हीकडे पाहावें. पिढ्यान्‌पिढ्यांच्या ऐकीव गोष्टीवर विसंबूं नये. नमुना ८ मध्यें नांव लागलें म्हणजे मालकी सिद्ध झाली असें समजूं नये. ती कराची नोंद आहे, मालकीचा दाखला नव्हे. दोन ठिकाणची मागणी आली तर एकीकडे भरून दुसरीकडे गप्प बसूं नये. लेखी हरकत द्यावी, पोंच घ्यावी आणि पावत्या जपून ठेवाव्या. आणि मोजणीच्या दिवशीं घरांतील सर्व भावांनीं हजर राहावें. हा शेवटला सल्ला कोणत्याहि कायद्यांत नाहीं, परंतु आम्हांस सर्वांत उपयोगी तोच पडला.

पुढेंमागें आमच्या घराची वाटणी होणार नाहीं असें मी छातीठोकपणें म्हणत नाहीं. मुलें दूर आहेत, वाडा जुना आहे, दिवस निराळे आहेत. परंतु जी व्हावयाची ती माणसें समोरासमोर बसून, एकमेकांच्या गरजा विचारून होईल. कोणा कचेरीच्या नकाशावरील रेघ आयती सांपडली म्हणून होणार नाहीं.

गेल्या मार्चांत दोन्ही कागद पुन्हां आले. पुढल्या दारानें एक, मागल्या दारानें एक. पुढला अण्णांनीं भरला. मागला नानाकाकांनीं पुण्याहून मोबाइलवरून भरला आणि पावती छापून टपालानें पाठविली, कारण आजीस छापील पावती लागते. तिनें दोन्ही पावत्या एकावर एक ठेवून घडी घातली आणि देवघरांतल्या पत्र्याच्या पेटींत, आजोबांच्या खरेदीखताखालीं, नेहमींच्या जागीं ठेवल्या.